किरणोत्सवाच्या वाटेतल्या इमारती महापालिका पाडत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, बघायला कोल्हापुरात आलात, किरणं मूर्तीच्या कमरेपर्यंत चढली आणि विरली. शेजारचे लोक म्हणाले, 'बिल्डिंगा आडव्या येतात.' मग महापालिका त्या पाडत का नाही? मी इथे बांधकाम परवान्यासाठी नकाशे करतो, त्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध आहे.

परवाना घेऊन, मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेली इमारत नुसती आडवी येते म्हणून पाडता येत नाही. विनापरवाना वाढवलेला मजला किंवा शेड असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस देऊन ते काढता येतं. म्हणजे कारवाई होते ती वाढीव भागावर. अधिकृत भिंत तिथेच राहते, मग ती सूर्याला अडवो की न अडवो.

पण खरी गोम उंचीच्या हिशोबात आहे. किरणोत्सवाचे पारंपरिक दिवस ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. २१ डिसेंबर या सर्वात लहान दिवसापासून दोन्ही साधारण सारख्याच अंतरावर येतात, म्हणून सूर्य दोन्ही वेळेला नैऋत्येकडे झुकलेल्या त्याच जागी मावळतो. रंकाळ्याच्या बाजूने किरणं महाद्वार रोडवरून येतात, महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात जातात. सूर्य जितका खाली, तितका किरण आडवा आणि तितका तो मूर्तीवर वर चढतो: आधी चरण, मग कंबर, मग मुख. सूर्य क्षितिजापासून ३ अंशांवर असेल तर १०० मीटर अंतरावर किरणाची उंची जेमतेम ५ मीटर वाढते, २ अंशांवर साडेतीन मीटर. म्हणजे मंदिराजवळच्या घरावर एक मजला चढला तरी फरक पडतो. आणि देवीच्या मुखावर किरण येण्याची वेळ हीच सगळ्यात कमी कोनाची, म्हणून लांबची इमारतही तेव्हा आडवी येते. चरणांपर्यंत किरणं येतात आणि पुढे हरवतात, त्याचं कारण हे. ढग आणि हवेतली धूळ यांचाही वाटा असतो, सगळं बांधकामाच्या माथी मारणं बरोबर नाही.

किरणोत्सव जवळ आला की मार्गाची पाहणी होते, महापालिकेचं पथक फिरतं, फलक, पत्रे, केबली उतरवल्या जातात. अशा एका गच्चीवर मी मापं घ्यायला गेलो होतो. लोखंडी स्टँडवर पाण्याची काळी टाकी, तिच्या मागे वाळवणासाठी घातलेला पत्रा, कठड्याला टेकवलेला खालच्या दुकानाचा जुना फलक. घरमालक काका म्हणाले, "टाकी आम्ही दरवर्षी स्वतःच उतरवतो, देवीचं काम आहे. पण वरचा मजला बांधू नका म्हणता, तर पोरांनी जायचं कुठं?" खाली अरुंद दर्शनी दुकान, वर वाटण्या झालेल्या दोन भावांचे संसार. त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

दोन्ही बाजूंना न्याय मिळेल असा रस्ता कायद्यात आहे आणि माझं ठाम मत आहे की तोच धरला पाहिजे. वारसा म्हटलं की आपण दगडी इमारत धरतो. पण बांधकाम नियमावलीत 'वारसा परिसर', म्हणजे एखादा अख्खा भाग वारसा म्हणून जपायचा, हीसुद्धा सोय आहे. किरणांच्या वाटेची मोजणी करून ती पट्टी वारसा परिसर म्हणून जाहीर करायची आणि त्यातल्या प्रत्येक मिळकतीला समुद्रसपाटीपासून किती उंचीपर्यंत बांधता येईल ते लिहून द्यायचं. त्याच नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली महापालिका विकास आराखड्यात असा फेरबदल सुचवू शकते. नागरिकांच्या हरकती-सूचना ऐकायच्या आणि शासनाची मंजुरी घ्यायची. मालकाचं जे चटईक्षेत्र (बांधता येणारं एकूण क्षेत्रफळ) वापराविना राहील त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसऱ्या जागी करण्याचा हक्क, द्यायचा. वारसा निर्बंधांमुळे अडकलेल्या चटईक्षेत्राला टीडीआर देण्याची तरतूद २०२० च्या एकात्मिक नियमावलीत आहे. काकांना तो विकता येईल. दुसऱ्याने तो शहरात जिथे उंची चालते तिथे वापरावा.

इथे हद्दवाढीचा, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घेण्याचा, मुद्दा येतो. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली. भोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये वेगळं प्राधिकरण नेमलं. त्यात पंचगंगेची पूररेषा, म्हणजे नदीकडेची बरीच जमीन बांधकामाला बादच. शहर आडवं पसरू शकत नाही, म्हणून पेठांमधून उभं चढतं. टीडीआर घ्यायला मोकळी जागाच नसेल तर त्या कागदाला भाव येणार नाही. म्हणून हद्दवाढ आणि किरणोत्सव हे दोन विषय एकत्रच बोलायला हवेत. आपल्याकडे ते कायम वेगवेगळ्या सभांत निघतात.

तुम्ही बाहेरगावचे असलात तरी हरकत-सूचना देऊ शकता. प्रारूप आराखडा किंवा फेरबदल प्रसिद्ध झाला की जाहीर सूचनेत मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. अर्जात 'किरणोत्सव वाचवा' एवढंच लिहिलं तर उपयोग नाही. किरणमार्गाची पट्टी नकाशावर दाखवा, उंचीची मर्यादा मीटरमध्ये मागा, मालकांना टीडीआर मागा, आणि सुनावणीला स्वतः हजर राहणार असं शेवटी लिहा.