प्लास्टरच्या आत वाढणारी कळ

प्रश्न : माडावरून पडून नडगी मोडली, प्लास्टर घातलं, तरी गोळ्या घेऊनही कळ वाढतच गेली, तर पाय उशीवर उंच ठेवावा का? – एक वाचक, देवगड

उत्तर : नको. उंच पायाला रक्त आणखी कमी पोचतं. हृदयाच्या पातळीलाच ठेवा. बोटं हळूच वर-खाली वाकवून बघा. नडगीत किंवा पोटरीत असह्य कळ उठली, मुंग्या आल्या, तर स्नायूंच्या कप्प्यात, म्हणजे त्यांच्यावरच्या ताठ आवरणाच्या आत, दाब वाढलाय असंच धरा. पावलाची नाडी लागते म्हणून गाफील राहू नका, ती बरेचदा शेवटपर्यंत लागते! जवळच्या डॉक्टरांकडून प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उभं चिरून घ्या. तरीही कळ ओसरली नाही, तर स्नायूंवरचं आवरण शस्त्रक्रियेनं उघडावं लागतं, तेही दाब वाढू लागल्यापासून साधारण ६ तासांच्या आत. पुढे स्नायू मरू लागतात. म्हणून सकाळची एसटी धरू म्हणत रात्र काढू नका. चोळणं, शेकणं, बर्फ काहीच नको.