पेपर मिळतो हो, पण निवडायचा कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ऑनलाइन संशोधन पेपर (शोधनिबंध) आणि पीएचडीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली पाच घेतोय. नावं कुणाचीच छापत नाही, दोघांनी तसं कळवलंय, मग सगळ्यांना एकच नियम.

प्रश्न : सर, मी केमिस्ट्रीत पीएचडी करतीय, तिसरं वर्ष चालू आहे. पहिला पेपर लिहून तयार आहे. मला तो प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे जर्नलमध्ये छापायच्या आधीच, ऑनलाइन टाकायचाय पण गाईडसर म्हणतात टाकू नको, कुणीतरी उचलून स्वतःच्या नावावर छापेल. इकडं एका जर्नलचा मेल आलाय, सात दिवसात छापतो म्हणे, फक्त फी भरा. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, पण बंद झाली म्हणतात. मग कुठलं जर्नल खरं आणि कुठलं खोटं हे ओळखायचं कसं? (संशोधक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : तुझ्या गाईडसरांची भीती मला कळते, माझी पिढी ह्याच भीतीत वाढली. पेपर पाठवला की तोंडाला कुलूप, कुणी विचारलं तर विषयसुद्धा सांगायचा नाही. पण नीट बघ, चोरी कधी सोपी असते? पेपर अनोळखी रिव्ह्यूअरकडं, म्हणजे तपासणाऱ्याकडं, सहा सहा महिने पडून असतो आणि बाकी जगाला त्याचा पत्ता नसतो, तेव्हा. प्रीप्रिंट टाकला की त्यावर तारीख पडते, तुझं नाव पडतं, डीओआय हा कायमचा ओळख नंबर मिळतो, उद्या कुणी तेच छापलं तर दाखवायला तुझ्याकडं पुरावा आहे. तुमच्या विषयासाठी २०१७ पासून केमआर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं ऑनलाइन भांडार आहेच.

आणि ही पद्धत काही कालची नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग ह्या भौतिकशास्त्रज्ञानं अमेरिकेत लॉस अलामॉसला आर्काइव्ह नावाचं असंच भांडार सुरू केलं (स्पेलिंगमध्ये एक्स आहे, उच्चार मात्र आर्काइव्हच). त्याच्या आधी काय व्हायचं, तर मोठ्या लॅबमधले लोक छापून यायच्या आधीचा पेपर कॉपी काढून ठरावीक लोकांना पोस्टानं पाठवायचे, आणि ज्याचं नाव त्या यादीत नाही त्यानं जर्नल छापून यायची वाट बघायची. आपण सोलापूरचे लोक कुठल्या यादीत असणार होतो सांग. मी स्वतः रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबईला जायचो, दिवसभर लायब्ररीत बसून दहा-बारा पेपरचे झेरॉक्स काढायचे, रात्री परत तीच गाडी, आणि घरी येऊन वाचायला बसलं की त्यातले निम्मे आपल्या कामाचेच नाहीत. गिन्सपार्गनं ती यादीच मोडून टाकली, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

तपासणी पण बदलली. ग्रिगोरी पेरेलमन ह्या रशियन गणितज्ञानं प्वांकारे ह्या फ्रेंच गणितज्ञाचं सुमारे शंभर वर्षं अडलेलं कोडं सोडवलं ते २००२ आणि २००३ मध्ये आर्काइव्हवर तीन पेपर टाकून, जर्नलला पाठवलेच नाहीत. जगभरच्या गणितज्ञांनी ते तीन-चार वर्षं ओळ अन् ओळ तपासले आणि २००६ मध्ये त्याला गणितातलं मानाचं फील्ड्स मेडल जाहीर झालं, जे त्यानं घेतलं नाही ही गोष्ट वेगळी. उलटं उदाहरण तुमच्याच विषयाजवळचं, एलके-९९. २०२३ च्या जुलैत कोरियातल्या मंडळींनी आर्काइव्हवर दावा केला की साध्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे वीज अजिबात न अडवता वाहून नेणारा पदार्थ, सापडला. लगेच चीन, अमेरिका, आपल्या दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, सगळ्यांनी तो पदार्थ बनवून बघितला आणि ऑगस्ट संपायच्या आत कळलं की तसं काही नाही. पूर्वी ह्याला वर्षं गेली असती. म्हणून प्रीप्रिंट टाकताना एकच गोष्ट मनाशी पक्की कर, चूक असेल तर ती सगळ्यांसमोर निघेल, आणि निघाली तरी चालेल कारण ती दुरुस्त करून दुसरं व्हर्जन टाकता येतं.

दोन गोष्टी मात्र आधी बघ. पेटंट घ्यायचा विचार असेल तर आधी पेटंटचा अर्ज, मगच प्रीप्रिंट, कारण एकदा जाहीर झालं की ते नवीन राहिलं नाही असं धरतात. आणि ज्या जर्नलला पाठवायचंय त्याला प्रीप्रिंट चालतं का ते ओपन पॉलिसी फाइंडर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) ह्या साइटवर जर्नलचं नाव टाकून बघ. त्या साइटवरचं पान प्रिंट काढून गाईडसरांपुढं ठेव, भांडू नको, दाखव. ते सहलेखक असतील तर त्यांच्या होकाराशिवाय टाकायचं नाही हे सांगायला नको.

आता ते सात दिवसवालं जर्नल. नको. अजिबात नको. सात दिवसात छापतो म्हणजे तुझा पेपर कुणी वाचणारच नाहीये. केअर लिस्ट यूजीसीनं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली हे खरं आहे, आता जर्नल निवडायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि आपल्यावर आलीय. आपण लिस्टची इतकी सवय लावून घेतली होती की लिस्टमध्ये आहे ना मग झालं, कुणी त्या जर्नलचा एक तरी अंक उघडून बघायचं का? आता उघडावाच लागेल. मागच्या अंकातले तीन पेपर वाच, तुला स्वतःला त्यातून काही शिकायला मिळालं का बघ. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोध, ते खरंच त्या विषयात काम करतात का, काही वेळा तर त्या माणसाला माहीतच नसतं की आपलं नाव तिथं टाकलंय. ओपन जर्नल, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं, असेल तर डीओएजे ह्या अशा जर्नलांच्या यादीत आहे का बघ. आणि फी भरणं म्हणजे मोठं जर्नल हा गैरसमज काढ, लेखकाकडून एक रुपया न घेणारी चांगली जर्नलं भरपूर आहेत. घाई कशाची आहे? २०२२ च्या यूजीसी नियमात प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती काढलीय, विद्यापीठाचा स्वतःचा काही नियम असला तर पीएचडी सेक्शनला लेखी विचारून घे.

आणि एक काम माझ्याकडून. तीन वर्षांत तू दीड-दोनशे पेपर तरी चाळले असशील, त्यातले खरे कामाचे किती? पंधरा? वीस? ते झोटेरो ह्या पेपर साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ग्रुपमध्ये टाक, प्रत्येकाखाली मराठीत किंवा इंग्रजीत दोन ओळी लिही की हा का वाचायचा आणि ह्यात काय कच्चं आहे, आणि तुझ्या मागून येणाऱ्या पोरांना तो ग्रुप उघडा करून दे. घरी आई सुपात ज्वारी पाखडते ना, दाणा तिनं पिकवलेला नसतो तरी भाकरी त्या पाखडण्यावर अवलंबून असते. विद्यापीठात ह्या कामाला एक मार्क मिळत नाही, मिळायला पाहिजे, हे मी बैठकीत पण बोललोय आणि पुन्हा बोलणार आहे.

प्रश्न : आमचं कॉलेज विनाअनुदानित आहे, जर्नलचे पैसे भरणं शक्य नाही. सरकारनं पैसे भरून जर्नलं वाचायला द्यायची ती वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आली त्यात आम्ही येतो का? नाहीतर सगळे वापरतात ती पायरेटेड साइट आहेच. (सहायक प्राध्यापक, पंढरपूर)

उत्तर : योजना चांगली आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं, २०२५ च्या जानेवारीपासून चालू. पण त्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था आहेत, त्यामुळं तुमच्यासारखी खासगी कॉलेजं बाहेर राहिली. मला हे बरोबर वाटत नाही. जिल्ह्यातली किती पोरं अशाच कॉलेजात शिकतात, आणि पैसे तर सगळ्यांच्याच करातून गेलेत. प्राचार्यांमार्फत लिहा, मी पण लिहितोय.

ती साइट मी सुचवणार नाही, दिल्ली उच्च न्यायालयातल्या खटल्यानंतर २०२५ मध्ये ती भारतात ब्लॉक करायचा आदेश झालाय. त्यापेक्षा ब्राउझरला अनपेवॉल हे एक्स्टेंशन लावा, पेपरची कायदेशीर फुकट कॉपी कुठं असेल तर ते शोधून देतं. नसेल तर लेखकाला सरळ मेल करा, दोन ओळींचा, बहुतेक लोक आनंदानं पीडीएफ पाठवतात. भारतातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगावर आहेत, आपल्या विद्यापीठाचे पण.

आणि तुमचे स्वतःचे पेपर? माझा एक जुना पेपर मला वर्गात दाखवायचा होता, तर साइटवर माझ्याच पेपरसाठी माझ्याकडं पैसे मागितले, कारण कॉपीराइटच्या फॉर्मवर मी न वाचता सही करून दिली होती. त्या दिवशी फार वाईट वाटलं. तुम्ही तो फॉर्म वाचा, आणि स्वतःची शेवटची हस्तलिखित प्रत ठेवायची परवानगी असेल तर रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर सगळ्यांसाठी ठेवायच्या ऑनलाइन जागेत, ठेवा.

प्रश्न : यूट्यूबवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर फुकट आहेत मग बीएस्सीला रोज कॉलेजला यायचं कशाला? (विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर : लेक्चरसाठी नको येऊस, बाकी सगळ्यासाठी ये. प्रॅक्टिकल, चुकीच्या रीडिंगवर भांडणं, शेजारच्या पोराला समजावून सांगणं हे व्हिडिओत होत नाही. आणि ‘स्वयम्’ ह्या सरकारी साइटवरचे कोर्स नुसते बघत बसू नको, रजिस्टर करून परीक्षा दे, यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेता येतात. तुझ्या कॉलेजनं ते स्वीकारलंय का आधी विचार.

प्रश्न : साहेब, आमच्या डाळिंबाच्या ग्रुपवर रोज कायतरी येतंय, संशोधनात सिद्ध झालंय, ह्या औषधानं तेल्या रोग जातोय, खाली इंग्रजीत पेपरची लिंक. सगळे घ्यायलेत. खरं मानायचं का? (बागायतदार, सांगोला)

उत्तर : लिंक आहे म्हणून खरं मानू नका. २०२० च्या ३१ जानेवारीला दिल्लीतल्या काही संशोधकांनी बायोआर्काइव्ह ह्या, अजून न तपासलेले पेपर टाकायच्या साइटवर एक पेपर टाकला की कोरोनाच्या विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे आहेत. जगभरच्या तज्ज्ञांनी दोन दिवसांत दाखवून दिलं की इतके छोटे तुकडे कितीतरी इतर जीवांतही सापडतात, आणि लेखकांनी पेपर मागं घेतला. म्हणजे तपासणारी माणसं जागी होती, यंत्रणा चालली. पण मागं घेतल्याचं किती जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलं? मला पहिली बातमी आठ जणांनी पाठवली होती, दुसरी एकानंही नाही.

तुम्ही पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. किती झाडांवर बघितलं, कुठल्या बहाराला, आणि औषध न मारता तशीच सोडलेली झाडं शेजारी होती का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेवा. आपल्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे, तिथं रोग लागलेलं पान आणि फळ घेऊन जा. मोठ्या मोठ्या देशातल्या लोकांना एवढ्या जवळ असं केंद्र नसतं हो. केंद्रातल्या शास्त्रज्ञांनाही माझं सांगणं आहे, ग्रुपवर फिरणाऱ्या अशा दाव्यांवर दर महिन्याला मराठीत एक पान काढा, हे बरोबर, हे चूक, ह्याची चाचणी अजून व्हायचीय.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय. हिप्परगा तलाव आणि नान्नजच्या माळावरचे पक्षी पंचवीस वर्षं बघतोय, गेली काही वर्षं ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साइटवर याद्या टाकतो. आमच्यासारख्यांच्या नोंदी शास्त्रज्ञ खरंच धरतात का? दोनदा रिव्ह्यूअरनं माझी नोंद अडवली तेव्हा मनाला लागलं. (पक्षीनिरीक्षक, सात रस्ता)

उत्तर : धरतात, आणि तुमच्याशिवाय त्यांचं चालत नाही. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा अहवाल निघाला तो सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर, ९४२ जातींचा आढावा, त्यातल्या १७८ जातींना सगळ्यात आधी जपायची गरज आहे असं त्यात म्हटलंय. कुठलं विद्यापीठ पगारी माणसं ठेवून एवढं करणार होतं? सोलापूरच्या माळरानावर दर रविवारी कोण जातं, तर तुम्ही आणि तुमचे तीन-चार मित्र.

नोंद अडवली त्याचं मनाला लावून घेऊ नका. तो रिव्ह्यूअर पण तुमच्यासारखाच हौशी माणूस आहे, बिनपगारी, रात्री जेवण झाल्यावर बसून शेकडो नोंदी बघतो, आणि तो अडवतो म्हणूनच बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो. फोटो असेल तर जोडा, नसेल तर पंख कसा होता, आवाज कसा होता ते आठवेल तसं लिहा. आणि नान्नजला कधी नशिबानं माळढोक दिसलाच तर नेमकी जागा आणि फोटो स्टेटसला टाकू नका, वनखात्याला कळवा. सगळंच सगळ्यांना दाखवायचं नसतं, हे पण निवडण्यातच येतं.

पंचवीस वर्षं म्हणालात, म्हणजे ईबर्डच्या आधीच्या वह्या घरात असणार. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. तारीख आणि जागा असेल तर जुन्या याद्या पण भरता येतात, वेळ लिहिलेली नसेल तरी ऐतिहासिक नोंद म्हणून घेतात. आजच्या माळावर काय आहे हे मोबाईल घेतलेला कुणीही सांगेल पण तेव्हा काय होतं हे फक्त तुमच्या वहीत आहे. टाइप करायला कंटाळा येत असेल तर कळवा, माझ्या दोन विद्यार्थिनी शनिवारी मोकळ्या असतात, त्या घरी येऊन बसतील, तुम्ही वाचून दाखवा, त्या भरतील. सगळ्यात जुनी वही आधी काढा.