सभेत बोल, इतिवृत्तात आण

चि. यास अनेक आशीर्वाद.

मेंटेनन्स भर. आधी ते कर, मग पुढचं वाच.

नवीन सदस्य म्हणून सोसायटी मला पार्किंगची जागा देत नाही, मग दोन-दोन गाड्या लावणाऱ्यांच्या वॉचमनचा पगार मी का देऊ, असं तू लिहिलंस. राग समजते मी. पण बिल मिळाल्यापासून तीन महिने पैसे थांबवलेस की उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीच्या, हिशेबाने तू थकबाकीदार. मग आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारने सोसायट्यांना घालून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करायचा हुकूम, आणायची वाट मोकळी होते आणि कमिटीच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हटलंस तर तेही जातं. हे सगळं एक वेळ सोसशील. पण ज्या दिवशी तू पार्किंगचा विषय काढशील, त्या दिवशी खजिनदार शांतपणे उठेल आणि म्हणेल, ‘आधी थकबाकीचं बोला.’ बाजू तुझी खरी असूनही तुला खाली बसावं लागेल. बिलातला एखादा आकडा पटत नसेल तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं पत्र देऊन भर. तुझं हत्यार सभा आहे, ते हातानं बोथट करून घेऊ नकोस.

आता तो व्हॉट्सॲप ग्रुप. तू टाकलेला मजकूर मी दोनदा वाचला. त्यातला शब्द न् शब्द खरा असेल. तरी त्याचा उपयोग काय झाला? कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले, सेक्रेटरींनी ‘प्रत्यक्ष भेटून बोलू’ म्हटलं आणि त्याखाली कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आला. तुझी तक्रार दप्तरात कुठेच नाही. उद्या उपनिबंधकांच्या टेबलासमोर उभा राहिलास तर ते एकच विचारतील, सोसायटीला लेखी दिलंत का आणि सभेत काय ठरलं?

म्हणून सांगते, सभेत बोल, इतिवृत्तात आण, म्हणजे सभेत काय ठरलं त्याच्या लेखी नोंदीत. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस. कंटाळलास तरी वाच.

तुझ्या बाजूने काय काय आहे ते तुला नीट माहीतच नाही, याचा मला जास्त त्रास होतो. घर घेताना कर्जाची कागदपत्रं ओळ न् ओळ वाचलीस, पण सोसायटीच्या उपविधी मागितल्या नाहीस. माग. सोसायटीने नोंदवून घेतलेल्या उपविधींची प्रत सदस्याला शुल्क भरून मिळते. 2014 च्या आदर्श उपविधी तुमच्या सोसायटीने स्वीकारल्या आहेत की जुन्याच चालू आहेत, हे आधी बघ, कारण भांडण तुमच्या उपविधींवर होणार आहे, शेजारच्या सोसायटीच्या नव्हे. आदर्श उपविधींत पार्किंगचं स्पष्ट आहे. एका सदस्याला एकापेक्षा जास्त जागेचा हक्क नाही. सगळ्यांची सोय होऊन जागा उरली तरच दुसरी गाडी, तीही वर्षापुरती. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. ‘नवीन लोकांना पार्किंग नाही’ हे वाक्य त्यात कुठेही सापडणार नाही. सदस्य झालास की तू सदस्य. काल झालेला आणि पायाभरणीपासूनचा, दोघांचं मत एकच मोजतात.

‘आम्ही बिल्डरकडून पार्किंग विकत घेतलंय’ असं जे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सांगतात, त्यांना आवाज न चढवता 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखव. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी. खांबांमधली स्टिल्टची मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती बिल्डरला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असं त्यात ठरलं. तुमची इमारत जुनी, खाली नुसते खांब, तेव्हा हा निकाल तुमच्यासारख्यांच्याच जागेचा आहे. पण निकाल खिशातून काढून तोंडावर फेकायचा नसतो. त्याची प्रत पत्राला जोडायची असते. त्या गृहस्थांनी बिल्डरला खरोखर पैसे मोजले असतील, फसवणूक त्यांचीही झाली असेल. त्यांना चोर म्हणू नकोस.

आणि सदस्यत्व घेताना तुझ्याकडून जे एक लाख ‘विकासनिधी’ म्हणून मागितले होते, ते तू दिले नाहीस हे उत्तम केलंस. महानगरपालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावे होताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त 25,000 रुपये, हस्तांतर शुल्क 500, प्रवेश शुल्क 100. देणगी म्हणा, निधी म्हणा, दुसऱ्या कुठल्याही नावाखाली वरचे पैसे घेता येत नाहीत. पण आज हा विषय पार्किंगमध्ये कालवू नकोस. पत्रात एकच मागणी असू दे. पाच तक्रारींच्या पत्रातून कमिटी सगळ्यांत सोप्या तक्रारीला उत्तर देते आणि ‘निरसन केले’ असं लिहून मोकळी होते.

इतिवृत्ताचं एवढं काय, असं तुझ्या बायकोने फोनवर विचारलं. तिला हे वाचून दाखव.

आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं होतं. सभेत स्पष्ट ठरलं, तीन कोटेशनं मागवायची, ती पुढच्या सभेपुढे ठेवायची, मगच काम द्यायचं. हात वर झाले, मी स्वतः मोजले. काही दिवसांनी मी इतिवृत्ताची वही पाहायला मागितली. सदस्याला ती पाहता येते, त्यासाठी कुणाची मेहेरबानी लागत नाही. ठराव निळ्या शाईत होता. त्याखाली सहीपर्यंत थोडी मोकळी जागा सोडलेली असावी, कारण त्या जागेत काळ्या शाईत, दाटीवाटीने, अक्षरं बारीक करत एक ओळ बसवली होती: ‘तातडीच्या परिस्थितीत कमिटीस योग्य तो निर्णय घेण्याचे अधिकार देण्यात आले.’ वाक्याचा शेवट जागा पुरेना म्हणून समासात वर वळवलेला. सभेत असं कुणी बोललं नव्हतं.

अध्यक्ष आमच्या घरोब्यातले होते. सणावारी एकमेकांकडे जेवणं व्हायची, माझ्या मुलाचं गणित त्यांनी घेतलेलं. मी त्यांना लेखी दिलं, ही ओळ सभेत झालेली नाही, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना माझी हरकत नोंदवावी. ते घरी आले. म्हणाले, एका ओळीसाठी? मी म्हटलं, हो, एका ओळीसाठी. पुढच्या सभेत ज्यांनी हात वर केले होते त्यातल्या बहुतेकांना नक्की काय ठरलं ते आठवेना. मी एकटी उभी राहिले, शेवटी तळमजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, ‘तीन कोटेशनं ठरली होती, मला आठवतंय.’ ओळ रद्द झाली, तशी नोंद झाली, काम रीतसर दिलं गेलं.

अध्यक्षांनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या पत्नी जिन्यात भेटल्या तर खाली बघून जायच्या. पुढे ते घर विकून मुलाकडे गेले. सामानाचा टेम्पो भरताना मी खाली होते, निरोपाचा शब्दही झाला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, ते वाटत राहणार. लोक म्हणाले, बाईंनी कागदापायी माणूस तोडला. मी कागदापायी काही तोडलं नाही. ती ओळ राहिली असती तर पुढच्या प्रत्येक कामाला तीच दाखवली असती, आज लिफ्ट, उद्या टाकी, परवा रंग. पैसे सगळ्यांचे होते, त्या आजींचेही, ज्या पेन्शनीतून मेंटेनन्स भरायच्या. मैत्री टिकवायला मी त्यांच्या पैशांवर पाणी सोडायचं होतं का? आजही तीच वही समोर आली तर मी तेच पत्र देईन. हे तुला पटो न पटो.

असो. तुझ्याकडे वळते.

पत्र सेक्रेटरींच्या नावे, अर्ध्या पानाचं. मला पार्किंगची जागा मिळालेली नाही, उपविधींप्रमाणे वाटप व्हावं, सध्या कुणाकडे किती जागा आहेत त्याची यादी मिळावी, आणि हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. दोन प्रती काढ. एक द्यायची, दुसरीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. वॉचमनकडे ठेवून येऊ नकोस, ती पोच धरत नाहीत. घ्यायला नकार दिला तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती पत्राला टाचून ठेव. तक्रारीवर कमिटीने पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर 15 दिवसांत तुला कळवायचं असतं. कळवलं तर उत्तम. नाही कळवलं तर तेही तुझ्या फाइलला लागतं.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी. म्हणजे पत्र त्याच्या बरंच आधी त्यांच्या हातात पडलं पाहिजे. विषयपत्रिकेच्या तळाशी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे’ असं असतंच, त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. तो विषय येईपर्यंत अर्धे लोक उठून गेलेले असतात आणि उरलेल्यांना चहाची घाई असते. तुझा विषय क्रमांकासह छापलेला हवा.

सभेला दोघंही वेळेवर जा. मतदान ज्याच्या नावे आहे त्याचंच, पण वेळेवर जा म्हणते त्याला कारण आहे. अर्ध्या तासात गणसंख्या, म्हणजे सभेला किमान हवी तेवढी माणसं, भरली नाही की सभा तहकूब होते आणि ती तहकूब सभा मग आहेत तेवढ्या लोकांत कायदेशीर चालते. वर्षाचे मोठे निर्णय कितीतरी ठिकाणी त्या तहकूब सभेतल्या मोजक्या खुर्च्यांत झालेले असतात आणि बाकीचे वर्षभर लिफ्टमध्ये कुरकुरतात. तू कुरकुरणाऱ्यांत जाऊ नकोस, माझी विनंती आहे.

आणि सभेआधी दारं वाजव. हे मी जोर देऊन सांगते कारण तू नुसतं कायद्यावर जाशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. गाडी असून जागा नसलेले तू एकटाच नसशील. भाड्याने दिलेल्या घरांचे मालक असतील, गाडी घ्यायची राहून गेलेले असतील. त्यांच्याकडे बस, त्यांचं ऐक. तुझ्या आईंना रस्त्यापलीकडून हात धरून आणावं लागतं हे तू ग्रुपवर लिहिलंस ते लोकांना गाऱ्हाणं वाटलं. त्याच आईंना घेऊन एखाद्या घरी चहाला गेलास तर ते माणसांना दिसेल. एक-पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, तेव्हा या सह्या पुढेही कामाला येतील.

बोलताना कमिटीला सरसकट भ्रष्ट म्हणू नकोस. ती माणसं दिवसभर नोकरी करून रात्री प्लंबरला फोन लावतात, पगार नाही, वर शिव्या. मीही पुढे ते काम केलं. तुमच्या सेक्रेटरींना तू ‘माफिया’ म्हटलंस, ते शब्द मागे घे. लेखी. हो, तेही लेखी.

ठराव झाला की तिथेच उठून विचार, ‘ठराव वाचून दाखवता का?’ वाचून झाल्यावर सूचक कोण, अनुमोदक कोण, हे लिहिलं का बघ. मग कच्च्या इतिवृत्ताची वाट बघ. आदर्श उपविधींप्रमाणे ते सदस्यांकडे पाठवायचं असतं आणि पाठवल्यापासून 15 दिवसांत आपलं म्हणणं कळवता येतं. हे 15 दिवस झोपू नकोस. तुमचा निर्णय ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत गुंडाळलेला दिसला तर त्याच दिवशी हरकत दे. सभेत बोललास आणि इतिवृत्तात आणलं नाहीस, तर तू बोललाच नाहीस.

इतकं करूनही जागा दिली नाही तर उपनिबंधक आहेत, सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. तिकडे वेळ लागतो, वकील लागतो, आणि तिकडेही पहिला कागद इतिवृत्ताचीच प्रत मागतील. तेव्हा घाई करून मधल्या पायऱ्या गाळू नकोस. हेच मी तुझ्या बाबांनाही सांगायचे, त्यांनी ऐकलं नाही, तू ऐकशील.

घर विकून निघून जावं का, असंही तू शेवटी लिहिलंस. पार्किंगसाठी? ज्या स्वयंपाकघराचा रंग तुम्ही दोघांनी भांडून ठरवलात ते घर? यावर मी एवढंच बोलते.

पत्राचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी खाडाखोड करून परत देते. तारीख घालायला विसरू नकोस, मागच्या दोन्ही पत्रांवर नव्हती. आणि बिल भरल्याची पावती सोबत जोड.

तुझी,
काकू