मॅनेजर छळतो, नोकरी सोडू का?

"मॅडम, मॅनेजरचा त्रास आता सहन होत नाही. नोकरी सोडू का?" सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात ती विक्रीच्या कामातली मुलं. कुणी औषध कंपनीचा एमआर म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी, कुणी बिस्किट-साबणाच्या लाइनवर फिरणारा, कुणी विमा विकणारा. त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी ते लगेच देत नाही. आधी विचारते, मॅनेजरच्या भीतीपोटी तुम्ही काय काय करायला लागला आहात?

एका एमआरची हकीकत त्याच्या परवानगीने सांगते. त्याला श्रीनिवास म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

श्रीनिवासचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बी.एस्सी. होऊन औषध कंपनीत लागला. हेडक्वार्टर, म्हणजे कामाचं मुख्य गाव, सोलापूर, शिवाय बार्शी, पंढरपूर आणि अक्कलकोट. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग पुण्यात बसणारे नवे एरिया मॅनेजर आले. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत "सोलापूर झोपलंय का?", मीटिंगमध्ये "तू मेडिकलमध्ये पुड्या बांधायच्या लायकीचा", रात्री अकराला फोन. आणि महिनाअखेरीला एकच धोशा, "स्टॉकिस्टवर माल टाक, कसा ते मला सांगू नकोस." स्टॉकिस्ट म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणारा घाऊक व्यापारी.

माझ्याकडे त्याला बायको घेऊन आली. म्हणाली, "जेवतानासुद्धा फोन पालथा ठेवतात आणि दर दोन मिनिटांनी उलटा करून बघतात." झोप नाही, पित्त वाढलेलं, रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा.

मॅनेजरबद्दल तो बराच वेळ बोलला. खरी गोष्ट शेवटी निघाली. कंपनीच्या अॅपमध्ये डॉक्टरांची भेट नोंदवताना लोकेशन जातं. तो पंढरपूरला एखाद्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावायचा, अॅपवर "भेट झाली" करायचा, थोडा वेळ तिथंच बसायचा आणि बॅग न उघडता पुढच्या हॉस्पिटलच्या पार्किंगला जायचा. "डॉक्टर भेटले असते की मॅडम. गर्दी पण नव्हती. आत जायची ताकदच नव्हती." स्टॉकिस्टकडे तर खपापेक्षा कितीतरी जास्त माल टाकून ठेवला होता. कागदावर विक्री दिसली, त्या आकड्यावर पुढचं टार्गेट आणखी वाढलं. एक्स्पायरी जवळ आलेला माल परत घेताना भांडणं. वर्षानुवर्षं चहा पाजणारा स्टॉकिस्ट आता नजर देईना.

विक्रीच्या नोकरीतलं सगळ्यात मोठं नुकसान मला इथं दिसतं. शिवी लागते, पण शिवीच्या भीतीने माणूस खोटं लिहायला लागला की त्याचं तोंडच बंद होतं. समोरचा कितीही अन्यायाने बोलला तरी उत्तर देता येत नाही, कारण आपली खोटी नोंद उघडी पडेल ही धास्ती असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मी कामात वापरते. घटना आणि भावना यांच्या मधे आपला विचार असतो, तो तपासायचा. श्रीनिवासचा विचार होता, "सर म्हणतात म्हणजे मी नालायकच असणार." हा आम्ही तपासला. त्याचे जुने महिने, त्याने जोडलेले डॉक्टर, सगळं कागदावर मांडलं. पण ही पद्धत अर्धीच वापरली तर "तूच मनाला लावून घेतोस" असा सल्ला होतो, आणि तो मला मान्य नाही. चारचौघांत केलेला अपमान हा अपमानच असतो.

मग मॅनेजरचे मेसेज एकेक करून मोठ्याने वाचले. प्रत्येकासमोर एकच प्रश्न, यात काम काय सांगितलंय? बऱ्याच मेसेजमध्ये कामच नव्हतं. त्यांना उत्तर द्यायचं नाही असं ठरलं. ज्यात काम होतं त्याला आकडा आणि तारीख घालून दोन ओळींत उत्तर. फोनवर काही ठरलं तर लगेच मेल, "आज आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे..." ग्रुपवर वाद अजिबात नाही.

सगळ्यात अवघड होतं खोट्या नोंदी थांबवणं. भेटी कमी दिसणार, शिव्या वाढणार, त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह जाणार. हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. त्याने स्टॉकिस्टकडे जाऊन शिल्लक मालाची यादी केली आणि मॅनेजरनी विचारायच्या आधी स्वतःच मेल केला: इतका माल पडून आहे, महिन्याला खप इतका आहे, म्हणून या महिन्यात नवा माल टाकत नाही. आणि बोलणं केलं ते बार्शी रोडवर, जॉइंट वर्किंगच्या दिवशी, म्हणजे मॅनेजर त्याच्यासोबत फिरतीवर आले तेव्हा, दोघंच असताना. मीटिंगमध्ये माणूस दहा जणांसाठी ओरडतो, टपरीवर चहा घेताना थोडा वेगळा असतो. मॅनेजर तेव्हा बोलून गेले की वरून त्यांनाही रोज असंच झापतात. हे कळल्याने श्रीनिवासची भीती कमी झाली. त्यांची वागणूक त्यामुळे माफ होत नाही, हेही मी त्याला सांगितलं.

एक वाक्य आम्ही पाठ केलं. मी मॅनेजर व्हायचे, तो उत्तर द्यायचा. पहिल्यांदा "हो सर, हो सर" यापलीकडे आवाज फुटेना. पुढे जमलं: "सर, टार्गेटबद्दल बोलू. हे शब्द नकोत. मी दहा मिनिटांनी फोन करतो."

अपमान कमी झाले, थांबले नाहीत. तेव्हा तारखा आणि मेसेज जोडून एचआरला तक्रार गेली. पोचपावतीपलीकडे काही आलं नाही. मग सोडायचं ठरलं, पण रागात नाही. नेमणूकपत्र काढून नोटीस पिरियड वाचला, अडकलेली खर्चाची बिलं आधी मंजूर करून घेतली, तीन महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवले. नेमणूकपत्रच हातात नाही असे एमआर मला अजून भेटतात. विक्री कर्मचाऱ्यांसाठीच्या 1976 च्या केंद्रीय कायद्यानेच ते देणं बंधनकारक केलं होतं. मागून घ्या.

दोन ठिकाणी मात्र थांबायचं नाही. मॅनेजरचं वागणं लैंगिक छळाचं असेल तर 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा, घटनेपासून साधारण तीन महिन्यांच्या आत. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, सोलापूरच्या सिव्हिलमध्येही तो विभाग आहे. जगावंसं वाटेनासं झालं असेल तर एक दिवसही थांबू नका. घरच्यांना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

श्रीनिवासला सोलापूरच हेडक्वार्टर असलेली दुसरी कंपनी मिळाली, पगार थोडा कमी. मुलाखतीत त्याने विचारलं, आधीचा मुलगा का गेला? ओपीडीबाहेर भेटणाऱ्या इतर एमआरकडून नव्या मॅनेजरची चौकशी केली. होकार कळवण्याआधी तो आपल्या जुन्या स्टॉकिस्टकडे गेला आणि त्या कंपनीचा किती माल पडून आहे ते बघून आला. फार नव्हता.