ऑक्सिजन ९६ असूनही बाबांना धाप लागते, औषधांशिवाय काय करता येईल?

तुमच्या बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, आता फक्त त्रास कमी ठेवण्याचे उपचार चालू आहेत. बोटावरचं यंत्र ९६ दाखवतं, तरी चार पावलं चालले की त्यांचा जीव घाबरा होतो. हे वाचून लगेच लिहायला बसले, कारण अशाच, त्रास कमी ठेवण्याच्या उपचारांत, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, मी बरीच वर्षं नर्स आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते.

ते यंत्र रक्तातला ऑक्सिजन मोजतं, धाप मोजत नाही. बाबा म्हणतात श्वास पुरत नाही, तर पुरत नाही. "आकडा चांगला आहे, काही होत नाहीये" असं त्यांना कृपा करून सांगू नका. त्यांना ते खोटं पाडल्यासारखं वाटतं.

२०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. धाप लागणाऱ्या, पण ऑक्सिजन फारसा कमी नसलेल्या २३९ रुग्णांपैकी काहींना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन दिला, काहींना तशाच नळीतून साधी हवा. आराम दोघांनाही जवळपास सारखाच पडला. म्हणून ९६ असताना सिलिंडरसाठी धावपळ करण्याआधी हातात धरायचा छोटा बॅटरीचा पंखा आणा. चेहऱ्यापासून साधारण वीतभर अंतरावर धरून वारा नाक, वरचा ओठ आणि गालांवर घ्यायचा, डोळ्यांवर नाही. पाचेक मिनिटं. तिथल्या त्वचेला गार वारा लागला की चेहऱ्याची नस मेंदूला तसा निरोप देते आणि कोंडल्याची भावना उतरते. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ५० जणांनी हाच पंखा एकदा चेहऱ्यावर आणि एकदा पायावर धरून पाहिला, आराम चेहऱ्यावर धरल्यावर पडला.

एका आजोबांना मी पंखा दिला तेव्हा त्यांनी मान फिरवली होती. धापेत माणूस चिडतोच. मी तो नुसता धरून बसले. थोड्या वेळाने पलंगाची कड आवळून धरलेली त्यांची बोटं एकेक करून सैल पडली, मग त्यांनी पंखा माझ्या हातातून स्वतःकडे घेतला. तो त्यांच्या हातात असणं फार महत्त्वाचं. आपला त्रास आपल्याला थोडा तरी आवरता येतो, हे कळलं की निम्मी घाबरगुंडी जाते.

धाप लागली की आडवं करू नका. खुर्चीत बसवून पुढे टेबलावर उशी ठेवा आणि हात त्यावर टेकवून वाकू द्या. खांद्यांना आधार मिळाला की छातीचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. पलंगावर असतील तर पाठीमागे उशा रचा, पण ते घसरून पोटाशी दुमडले जाणार नाहीत हे बघा.

आणि "दीर्घ श्वास घ्या" म्हणू नका! घाबरलेला माणूस हवा आत ओढतच राहतो, जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून पुढचा श्वास आणखी तोकडा पडतो. "सोडा, हळू सोडा" म्हणा. ओठांचा चंबू करून फुंकर मारायची, ज्योत हलेल पण विझणार नाही इतकीच. समोरच्या खिडकीच्या चौकटीवर नजर ठेवायची, आखूड बाजूला श्वास घ्यायचा, लांब बाजूला सोडायचा. हे शांत असताना रोज एकत्र करा, ऐन धापेत नवीन काही शिकवता येत नाही. तुम्ही स्वतःही सावकाश श्वास घ्या, ते तुमच्याकडेच बघत असतात.

अंघोळ बसून, चालताना वॉकर, आणि दोन कामांच्या मध्ये विश्रांती.

हे सगळं औषधांच्या जोडीने करायचं, त्यांच्याऐवजी नाही. डॉक्टरांनी धापेसाठी मॉर्फिन सुचवलं तर घाबरून टाळू नका. धाप एकाएकी वाढली, ताप आला, छातीत दुखू लागलं किंवा एक पाय सुजला तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा. छातीतलं पाणी, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी यांवर या टप्प्यावरही बऱ्याचदा उपाय करता येतो.

पंखा रात्री कपाटात ठेवू नका. अंधारात चाचपला तरी हाताला लागेल असा उशीजवळ ठेवा आणि एक जास्तीचा आणून ठेवा.