पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ खेड्यांत मिशनऱ्यांना विमानेच का वापरावी लागतात? रस्ते का नाहीत?

या देशाची राजधानी पोर्ट मोर्सबी आजही उंच डोंगराळ प्रदेशाशी रस्त्याने जोडलेली नाही, यावरूनच तेथील भूगोलाची कल्पना यावी. समोरासमोरच्या दोन कड्यांवरील गावे नजरेच्या टप्प्यात असली, तरी मधली दरी उतरून पुन्हा चढायला अख्खा दिवस मोडतो; विमानाला तेच अंतर काही मिनिटांचे असते.

दुसऱ्या महायुद्धात उड्डाण केलेल्या वैमानिकांनी १९४५ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या संस्थेतून ‘मिशन एव्हिएशन फेलोशिप’ ही मिशनऱ्यांची विमानसेवा पुढे आली. न्यू गिनीतील काम १९५१ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी तेथील अग्रणी वैमानिक हॅरी हार्टविग अपघातात मरण पावले.

धावपट्टी म्हणजे बहुधा गावकऱ्यांनी कुदळ-फावड्याने सपाट केलेला, तोही पुरता सपाट नसलेला, गवताळ उतार: विमान चढाच्या दिशेने उतरते, उताराच्या दिशेने उडते आणि बऱ्याच ठिकाणी दुसरी संधी मिळत नाही. दुपारी डोंगरांवर ढग दाटतात, म्हणून शक्यतो सकाळीच उड्डाणे उरकतात. प्रवासी, त्याची पिशवी, रताळ्यांचे गाठोडे असे सारे आधी काट्यावर चढते, कारण आखूड पट्टीवर थोडे जादा वजनही घातक ठरते.

येताना पाद्री, बायबलच्या प्रती, औषधे आणि पत्रे येतात. जाताना कॉफीची पोती आणि अडलेली बाळंतीण जाते. धर्मप्रचाराबद्दल मत काहीही असो (माझे स्वतःचेही काही आक्षेप आहेत), त्या बाळंतिणीपुढे दुसरा मार्ग क्वचितच असतो.