सूर क्लॅरिनेटला, ठोका पियानोला

अनेक आशीर्वाद.

अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या पियानोवरच्या तीन प्रेल्यूडांची, म्हणजे छोट्या रचनांची, तू क्लॅरिनेट आणि पियानोसाठी मांडणी करतो आहेस, तिचा मसुदा नीट वाचला. मेहनत दिसते, पण खोट पहिल्याच पानावर आहे. उजव्या हाताची वरची ओळ जशीच्या तशी क्लॅरिनेटला दिलीस आणि उरलेलं पियानोकडे ठेवलंस. कागदावर एकही सूर चुकलेला नाही, तरी वाजेल तेव्हा सगळं मिळमिळीत लागेल. जॅझच्या वळणाची ही चाल उलट्या मात्रेवरच्या जोरावर उभी असते. पियानोचा हातोडा तारेवर पडतो तो क्षण टोकदार असतो. क्लॅरिनेटचा सूर जीभ रीडवरून, म्हणजे मुखाशी बसवलेल्या पातळ पट्टीवरून, सुटल्यावर हवेतून उगवतो. म्हणून सूर क्लॅरिनेटला दे आणि ठोका पियानोकडेच ठेव. ओळीत जिथे जिथे मात्रेबाहेर जोर आहे, तिथे पियानोच्या उजव्या हातात दोन सुरांची आखूड, कोरडी कॉर्ड हवी, पेडलशिवाय. वरचा सूर मात्र तिच्यात नको. दोघांनी एकाच उंचीवर तोच सूर धरला की बेसूरपणा लगेच उघडा पडतो: जोरात फुंकलं की क्लॅरिनेट उतरतं, हळू फुंकलं की चढतं, आणि पियानो जागचा हलत नाही.

आता कुठलं क्लॅरिनेट ते ठरव. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं आणि ए क्लॅरिनेट दीड स्वर, म्हणून त्यांचा भाग तेवढा वर लिहायचा. तू तिन्हींसाठी बी फ्लॅट धरलंस. पहिलं प्रेल्यूड बी फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे वादकासमोर सी मेजर येतो, उत्तम. दुसरं सी शार्प मायनर. बी फ्लॅटवर एक स्वर वर लिहिलं की डी शार्प मायनर, सहा शार्प (चढ्या सुरांच्या खुणा). ए क्लॅरिनेटवर तेच ई मायनर होतं, एकच शार्प. हे प्रेल्यूड ए क्लॅरिनेटवरच दे. तिसरं ई फ्लॅट मायनर आहे: बी फ्लॅटवर चार फ्लॅट, ए क्लॅरिनेटवर तीन शार्प. इथे मी बी फ्लॅटकडे परत जाईन, कारण दुसऱ्यानंतर वाद्य बदलायला तशीही उसंत असते. फक्त बाजूला ठेवलेलं क्लॅरिनेट थंड पडून उतरतं, हे पार्टमध्ये, म्हणजे वादकाच्या पानावर, एका ओळीत लिहून ठेव, म्हणजे वादक आधी त्यात फुंकर घालून ते गरम करेल.

यानंतर पेन्सिल घे आणि क्लॅरिनेटच्या पानावर लिहिलेल्या जीपासून बी फ्लॅटपर्यंतचे मधले सूर शोध. हे थ्रोट नोट्स. बहुतेक बोटं उघडी असतात, सूर फिका लागतो. त्यांच्या खाली शालुमोचा गडद पट्टा, वर क्लॅरियनचा उजळ. अडचण अशी की ब्लूजचे महत्त्वाचे सूर नेमके या फिक्या पट्ट्यात येऊन पडतात. ई, जी शार्प, डी आणि वर जी नॅचरल ही कॉर्ड घे. तिची सगळी खुमारी जी शार्प आणि जी यांच्या भांडणात आहे. मधल्या सीच्या वरचा तो जी बी फ्लॅट क्लॅरिनेटवर थ्रोट ए होतो आणि ए क्लॅरिनेटवर थ्रोट बी फ्लॅट, म्हणजे आणखीच अशक्त. भांडणातला एक पक्ष कुजबुजायला लागला तर भांडण कसलं! तो जी एक सप्तक वर ने, नाहीतर पियानोकडे ठेवून क्लॅरिनेटला दुसरं काही दे. एक मात्र करू नकोस: जी खाली आणून जी शार्पला चिकटवू नकोस. सप्तकाएवढ्या अंतरावर जे झणझणीत लागतं, ते अर्ध्या स्वरावर नुसतं गढूळ होतं.

कॉर्डमधून काय गाळायचं हा प्रश्न तुला बऱ्याच जागी पडलेला दिसतो. वरचा सूर क्लॅरिनेटकडे गेल्यावर तिसरा आणि सातवा सूर पियानोत शिल्लक आहेत ना, एवढं आधी पाहा. पाचवा बिनधास्त टाक. आणि उजवा हात मोकळा झाला म्हणून भरत बसू नकोस. उलट डाव्या हातातल्या दहाव्या सुरापर्यंतच्या ताणलेल्या जोड्यांचा वरचा सूर उजव्या हाताला दे. लहान हाताच्या वादकाला त्या एरवी मोडून वाजवाव्या लागतात आणि ठोका सैल पडतो.

चिरडलेल्या ग्रेस नोट्स, म्हणजे मुख्य सुराआधी निसटते वाजणारे सूर, हा वेगळाच मामला. पियानोवर काळी पट्टी आणि लगतची पांढरी असं घसरून काम होतं. क्लॅरिनेटवर प्रत्येक जोडी तपासावी लागते. बी फ्लॅट मेजरमध्ये डी फ्लॅटवरून डी: लिहिताना ई फ्लॅटवरून ई, सोपं. पण मधल्या सीच्या वरचा ए फ्लॅट आणि त्यावरून ए? लिहिताना बी फ्लॅटवरून बी होतं, म्हणजे उघड्या बोटांवरून एकदम सगळी भोकं बंद, वर रजिस्टर की (सूर वरच्या पट्ट्यात नेणारी चावी) चालू. एवढ्या वेगात तिथे हमखास फट्ट आवाज होतो. ती ग्रेस नोट पियानोला दे आणि क्लॅरिनेटला थेट ए धरू दे. कानाला फरक जेमतेम कळतो. तिसऱ्या पानावर खालच्या ईपासून ओढलेला, म्हणजे घसरत वर चढणारा, सूर लिहिला आहेस, तोही बदल. गर्श्विनच्याच 1924 च्या 'रॅप्सडी इन ब्लू'ची क्लॅरिनेटवरची सुरुवात सगळ्यांच्या कानात असते, त्यामुळे हा मोह होतो. तिथेही खालचा भाग बोटांनीच चढतो. खरी ओढ साधारण चौथ्या रेषेवरच्या डीच्या वर सुरू होते.

करंगळीचं गणितही कर. क्लॅरियनमधले बी, सी आणि सी शार्प दोन्ही करंगळ्यांना मिळतात, पण नेहमीच्या वाद्यावर ई फ्लॅट फक्त उजव्या. ई फ्लॅट, डी फ्लॅट, सी, ई फ्लॅट असा क्रम आला की उजवी, डावी, उजवी आणि पुन्हा उजवी: करंगळी घसरवावी लागते. सुरांचा क्रम एका जागी उलटा केला तरी सुटतं.

श्वासाची खूण तुझ्या पानांवर एकही नाही. पियानोच्या संगीतात ती असणार नाहीच. ती तू घालायची. बारच्या (मात्रांच्या एका घराच्या) रेषेपलीकडे बांधलेला सूर शोध, तो रेषेपाशीच तोड आणि मात्रेवर श्वास ठेव. त्या मात्रेवर पियानोचा ठोका आहेच, त्यामुळे भोक पडल्यासारखं वाटत नाही. जिभेचंही तसंच. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत सोळांश (मात्रेला चार सूर) म्हणजे सेकंदाला जिभेचे आठ टोले. बऱ्याच जणांची जीभ इथेच थकते. दोन-दोन सुरांचे स्लर कर, म्हणजे दुसऱ्या सुराला जीभ न लावता जोड, पण मात्रेबाहेरच्या सुरावरून मात्रेवर जाणारे. मात्रेवर सुरू होणारे स्लर घातलेस की चाल कवायतीची होते. आणि वर 'स्विंग' (जॅझसारखी झुलती लय) असं लिहू नकोस. जिथे डॉटेड, म्हणजे लांब-आखूड सुरांची, लय आहे तिथे ती लिहिलेली आहे, बाकी सरळ वाजू दे.

व्हायोलिनवादक हायफेट्झनं याच प्रेल्यूडांची व्हायोलिनसाठी मांडणी केली होती, ती अभ्यासायला जरूर घे. तिच्यातून उचलू मात्र नकोस. व्हायोलिनला दोन तारा एकदम छेडता येतात, क्लॅरिनेटला एकच सूर. उलट व्हायोलिन तळाच्या जीवर थांबतं आणि बी फ्लॅट क्लॅरिनेट त्याखाली डीपर्यंत जातं.

हक्कांबद्दल थोडक्यात: गर्श्विन 1937 मध्ये वारला, प्रेल्यूडं 1927 ची, अमेरिकेतही 2023 पासून ती खुली आहेत. तुला पुढे संगीतकार कापुस्तिनच्या पियानोवरच्या एट्यूडांना (सरावाच्या रचनांना) हात घालायचा आहे. तो 2020 मध्ये गेला, तेव्हा प्रकाशकाची लेखी परवानगी आल्याशिवाय पहिला बारसुद्धा लिहू नकोस.

सॉफ्टवेअरनं ट्रान्सपोज केलेला पार्ट एकदा हातानं वाचून काढ. त्यात डबल फ्लॅटची पिलावळ उगाच वाढलेली असते. पियानोच्या स्कोअरवर क्लॅरिनेटची ओळ लिहिलेल्या सुरात आहे की ऐकू येणाऱ्या, हे पहिल्या पानावर स्पष्ट लिही. नाहीतर पहिल्या तालमीचा अर्धा वेळ 'तुझा सी की माझा?' यातच जातो.

मग क्लॅरिनेट बाजूला ठेवून नुसता पियानोचा भाग वाजवून बघ. ओळ नसतानाही पाय आपसूक हलायला हवा. नाही हलला तर कुठल्या ठोक्याला कॉर्ड गळली ते तिथेच सापडेल.

आधी दुसऱ्या प्रेल्यूडचा मधला भाग पाठव. तिथे गाणं डाव्या हातात उतरतं आणि एफ शार्प मेजर येतो, म्हणजे ए क्लॅरिनेटला ए मेजर. ए क्लॅरिनेटचा तळ सी शार्प. त्या गाण्यातले किती सूर त्याखाली जातात ते मोज, आणि गाणं शालुमोला द्यायचं की पियानोकडेच ठेवून क्लॅरिनेटला गप्प बसवायचं, ते तूच ठरवून लिही.